सिस्टर, आम्ही माप विचारलं नव्हतं

गुरुवार, १३ नोव्हेंबर. दुपारपासून स्टोअरमध्ये यादी करत बसले आहे. खराटे सात, त्यातले दोन झिजलेले. फिनाईलचे कॅन अकरा. रबरी हातमोजे, कचऱ्याच्या लाल-पिवळ्या पिशव्या, बादल्या, फरशी पुसायचे दांडे. दवाखाना चालवणाऱ्या फादरांनी यादी उद्या सकाळी मागितली आहे. एक तारखेपासून दवाखान्याची साफसफाई ठेकेदाराकडे जाणार, तेव्हा सफाईचं सगळं सामान त्याच्या ताब्यात द्यायचं आणि खाली स्टोअरकीपर म्हणून माझी सही. ‘गमबूट, चार जोड’ इथपर्यंत आले आणि पेन थांबलं. तुम्ही जाऊन नऊ दिवस झाले, सिस्टर रेजिना, आणि एवढ्या दिवसांत माझं काम अडलं ते हे पहिल्यांदाच. यादी बाजूला ठेवली आणि दुसरा कागद घेतला.

तुमचा जन्म कधीचा, व्रतं कधी घेतली, कुठे कुठे सेवा केली, ते सगळं नांदेडच्या मठातल्या सिस्टरांनी तुमच्या आठवणीच्या कार्डावर छापलंय. पुढे तुमचा फोटो, मागे प्रार्थना. तुम्ही ‘गरिबांची आई’ होता असंही त्यात आहे. वाचून तुम्ही काय म्हणाला असता ते मला चांगलं माहीत आहे. ‘गरिबांना आई असते, विजया. नसतं ते दुसरंच काहीतरी.’

मी इथे लातूरला मिशनच्या दवाखान्यात अठरा वर्षं स्टोअर सांभाळते. लिंगायत, उदगीरच्या किराणा दुकानदाराची मुलगी. बोलता येण्याआधी मला सामान मोजता यायचं, असं आमचे अण्णा सांगायचे. तुम्ही सात वर्षांपूर्वी मेट्रन म्हणून आलात आणि पहिल्याच आठवड्यात आपण भांडलो. वसईहून कुणीतरी तुमच्यासाठी सुकट पाठवली होती आणि स्टोअर गार असतं म्हणून तुम्ही तो डबा माझ्या कापसाच्या गठ्ठ्यांमागे ठेवलात. दोन दिवसांत बाळंतिणींचा वॉर्ड समुद्रासारखा वास मारायला लागला.

‘सिस्टर, हे स्टोअर आहे, कोळीवाडा नाही,’ मी म्हणाले.

‘तुमच्याकडे कारळाची चटणी कुटतात तेव्हा मी काही बोलते का?’

‘आमच्या चटणीला मिशा नसतात.’

तुम्ही एवढ्या हसलात की ओपीडीतली माणसं वळून बघायला लागली. डबा तुम्ही उचललात, आणि त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी ‘विजयाबाई’ची ‘विजया’ झाले. तुम्हाला मात्र मी शेवटपर्यंत ‘तुम्ही’च म्हटलं. वयाचा मान होता, आणि शिवाय ‘तुम्ही’ म्हणून भांडलं की जास्त लागतं.

देण्याच्या बाबतीत मी स्वतःला चांगली समजायचे, हे आज कबूल करते. आमच्यात दासोहाला मोठं मानतात. आपल्या ताटातलं दुसऱ्याला गेल्याशिवाय जेवण गोड लागू नये, हे मी घरातून घेऊन आले होते. दर दिवाळीला सफाईच्या चौघींना माझ्याकडून साडी आणि फराळाचं पाकीट. गयाबाई त्यांच्यातली सगळ्यात जुनी, म्हणून पहिलं पाकीट तिच्या हातात, मग फोटो. तुमच्या पहिल्या दिवाळीत फोटो काढून झाल्यावर तुम्ही साडीचं टोक बोटांत धरून विचारलंत, ‘रंग कुणी निवडला?’

‘मी. मळखाऊ आहे. त्यांच्या कामाला बरा.’

‘म्हणजे मळ त्यांच्याकडेच राहणार, हे धरूनच साडी घेतलीस.’

मी चार दिवस तुमच्याशी कामापुरतं बोलले. साडी काही फुकट मिळत नव्हती, रांगेत उभी राहून, भाव करून आणली होती. पाचव्या दिवशी तुम्ही स्वतःच आलात, माझ्या टेबलावर एक निळी फाईल ठेवलीत आणि म्हणालात, ‘हे वाच आणि मला सांग कुठे पटत नाही ते. नर्सेसना वाचून दाखवलं तर त्या आमेन म्हणतात. मला आमेन नकोय.’

त्या फाईलमध्ये तुमच्या चर्चची सामाजिक शिकवण होती. झेरॉक्स इतकी फिकी, की अर्धं तुम्हीच पेनाने पुन्हा गिरवलेलं. मी वाचली. कंटाळत वाचली, पण वाचली. मग कित्येक दुपारी, ओपीडी बंद झाल्यावर, तुम्ही खुर्चीवर आणि मी सलाइनच्या खोक्यावर बसून भांडलो.

माणसाला प्रतिष्ठा जन्मासोबत येते, ती मिळवावी लागत नाही, असं त्यात होतं. मी म्हणाले, ‘सिस्टर, जगात सगळं मिळवावंच लागतं.’ तुम्ही म्हणालात, ‘मिळवावा लागतो तो पगार. माणूसपण कुणाकडून मिळवणार? देणारा कोण? तू की मी?’

मी म्हणाले, आमच्यात काम हीच पूजा मानतात, हे आम्हाला शिकवायला नको. तुम्ही लगेच म्हणालात, ‘मग या इमारतीत सगळ्यात मोठी पुजारीण गयाबाई. सकाळी येताना तिच्या पाया पडतेस?’

मग मी तुमचं काढलं. गयाबाई तर तुमच्याच धर्माची, मांगवाड्यातली ख्रिस्ती. मग तुमच्या चर्चमध्ये ती दर रविवारी शेवटच्या बाकावर का बसते? मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही फाईल मिटलीत आणि म्हणालात, ‘कारण जात आमच्यातही विरघळली नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यातसुद्धा नाही.’ धर्माच्या माणसाने आपल्या घरातली घाण इतक्या सरळ दाखवलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. तुमचं ऐकायला मी सुरुवात केली ती त्या वाक्यापासून.

मग तो पवित्र गुरुवार. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर बारा जणांचे पाय धुतात. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. त्या वर्षी बारा जणांत तुम्ही गयाबाईचं नाव घातलंत. मलाही बोलावलंत, पाहुणी म्हणून. गयाबाईने दोन दिवस टाचा विटकरीने घासल्या होत्या. पाय धुऊन घ्यायला जायचं म्हणून आधी घरून पाय धुऊन येणं, हे बाराही जणांनी केलं होतं. तेही आठ दिवसांनी नळ येतो त्या लातुरात.

फादर एकेकासमोर गुडघ्यावर बसत, तांब्याने पाणी घालत, टॉवेलने पुसत पुढे सरकत होते. गयाबाईसमोर आले आणि तिने पाय साडीत ओढून घेतले. सगळ्यांना वाटलं लाजली. ती खाली वाकून हळूच बोलली, पण फादरांच्या झग्याला माइक लावलेला होता, आणि तिचं बोलणं भिंतीवरच्या दोन्ही स्पीकरांतून आलं.

‘फादर, पाय काय, तुमी वर्साला एकदा धुताल. त्यापरीस बूट द्या की. संडास तुंबला की मला त्यात उतरावं लागतंय.’

चर्चमध्ये पंख्यांचा तेवढा आवाज राहिला.  मग फादरांनी हात पुढे केला, गयाबाईने पाय पुढे केले, आणि त्यांनी ते धुतले. त्यांचे कान लाल झाले होते. मिस्सा संपल्यावर गयाबाई वेदीजवळून ते परातीतलं पाणी उचलून घेऊन गेली. सगळे बघत राहिले. ती व्हरांड्यात गेली आणि त्या पाण्याने तिने दारासमोरचा चिखल धुऊन काढला. ‘बारा जनाचं पानी हाय, टाकून काय देता,’ एवढंच म्हणाली.

तुम्ही खूश होता. मी नव्हते. कारण आदल्या पावसाळ्यात गयाबाईने बूट माझ्याकडेच मागितले होते, आणि मी ‘यंदा बसत नाही, पुढं बघू’ म्हणून तिला वाटेला लावलं होतं. हे तुम्हाला मी पुष्कळ नंतर सांगितलं. तुम्हाला ते आधीच माहीत होतं. गयाबाई तुम्हाला सगळं सांगायची.

माझा स्वभाव असा की चूक झाली की ती त्याच आठवड्यात दुरुस्त करायची. सोमवारी मी गंजगोलाईच्या बाजारात गेले, चार जोड गमबूट घेतले, काळे, दणकट. नारळ आणि ब्लाउजपीस लावून चौघींना दिले. पुढच्या पावसात संडास तुंबला तेव्हा बघते, तर गयाबाई अनवाणी.

‘बूट कुठंय?’

‘हायेत की घरी.’

‘घरी काय पूजा करता का?’

‘मालकाला होत्यात ते. रानात पानी द्यायला जातात घालून. लई खूश हायेत तुमच्यावर.’

दुसरीच्या बुटांत कांदे ठेवलेले होते. तिसरीने एका बुटात चिंध्या कोंबून घालून पाहिले, जिन्यावर पडली, आणि सोडून दिले. मी चारही जोड आठ नंबरचे आणले होते. दुकानदाराकडे एकाच मापाचे चार होते आणि मला ते बरं वाटलं होतं, यादीत लिहायला सोपं. तुमच्याकडे तक्रार घेऊन आले की बघा, द्यावं तर असं करतात. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, ‘त्या पायांवर फादरांनी पाणी घातलं, मी प्रार्थना म्हटली, तू बूट आणलेस. माप आपल्यापैकी कुणी घेतलं?’

आपल्यापैकी, असं म्हणालात. तो शब्द मी विसरले नाही. तुम्ही मला एकटीला कधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं नाहीत. आधी स्वतः जाऊन उभ्या राहायचात आणि मग मला बोलवायचात.

त्यानंतर तुम्ही ती बैठक सुरू केलीत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, शिवणखोलीत, सफाईच्या चौघी, तुम्ही आणि मी. आधी त्या बोलणार, मग आपण, ही तुमची अट. पहिल्या बैठकीत मी टेप घेऊन आले, पायाचं माप घ्यायला. गयाबाईने टेपकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘बुटाचं ऱ्हाऊ द्या जरा. आदी हे बगा.’ आणि उजवा अंगठा पुढे केला. दोन वर्षांपूर्वी कचऱ्याच्या पिशवीतून सुई घुसली होती. घरी जाऊन हळद भरली, कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ‘बघून काम करत नाहीस’ असं तीच ऐकणार होती. बाकीच्या तिघींनीही मग एकेक बोट दाखवलं.

सुया टाकायचे पांढरे जाड डबे असतात, त्यातून सुई बाहेर येत नाही. ते माझ्या स्टोअरमध्ये होते, सिस्टर. खोक्यात, नीट रचलेले. लवकर संपू नयेत म्हणून मीच वॉर्डांना महिन्याला एकच देत होते. तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत. गयाबाईचा अंगठा मात्र तुम्ही कितीतरी वेळ हातात धरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रत्येक वॉर्डात डबे ठेवले आणि तुम्ही चौघींच्या रक्ताच्या तपासण्या केल्यात, काविळीची लस टोचलीत. तपासण्या चांगल्या आल्या, ते नशीब. त्यात आपलं कर्तृत्व काही नव्हतं. मापाचे बूट पुढच्या बैठकीनंतर आले, आजच्या यादीतले चार जोड तेच.

तुमच्या निळ्या फाईलमध्ये एक गोष्ट होती, ती मला त्या दिवशी कळली. जी गोष्ट खालचा माणूस स्वतः ठरवू शकतो ती वरच्याने ठरवू नये, अशा अर्थाचं काहीतरी. आधी वाचलं तेव्हा मला तो ग्रामपंचायतीचा नियम वाटला होता. तुम्ही तुमच्या भाषेत सांगितलंत, ‘दुसऱ्याचं ठरवणं आपण उचललं, तर अगदी चांगलं ठरवलं तरी ती चोरीच.’ मी आयुष्यभर तराजूच्या काट्याला पाप लागू न देता वागले. पण अशी चोरी मी रोज करत होते आणि वर आशीर्वाद घेत होते.

सगळं पटलं असं मात्र नाही. एका गोष्टीवर आपण शेवटपर्यंत भांडलो. मी म्हणायचे, दहा जणींना विचारत बसलं की काम होत नाही. वस्तू वेळेवर हातात पडणं हाही न्यायच आहे. बैठकीत गयाबाई एक गोष्ट सांगायला पाव तास घ्यायची, तिच्या सुनेपासून सुरुवात व्हायची. मी मधेच तोडून म्हणायचे, ‘सिस्टर, तिला म्हणायचंय की मागच्या नळाची तोटी गळते.’ तुम्ही हात वर करून मला थांबवायचात. ‘तिला सुनेचंही म्हणायचंय.’ मी घड्याळ बघायचे. ते मी अजूनही बघते.

मग तुमच्या किडन्या गेल्या आणि तुम्हाला डायलिसिससाठी नांदेडच्या मठात नेलं. मी तीनदा आले. अहमदपूर, लोहा, चार तासांची एसटी, आणि डब्यात तुमच्यासाठी बिनमिठाची भाजी, जी तुम्ही ‘ही कुठल्या पापाची शिक्षा’ म्हणत खायचात. तिसऱ्या वेळी तुमचा हात सुजलेला होता, आवाज बारीक झाला होता. तुम्ही विचारलंत, ‘बैठक होते?’

‘होते.’

‘गयाबाई बोलते?’

‘मी बोलते तिच्या वतीने. लवकर उरकतं.’

‘लवकर कुणाला हवंय?’

मी म्हणाले, तुम्ही दमू नका. तुम्ही म्हणालात, ‘मी दमले नाही. तू उत्तर टाळतेस.’ तेवढ्यात तुम्हाला डायलिसिसला न्यायला माणूस आला. चाकांची खुर्ची वळवताना तुम्ही मान मागे करून म्हणालात, ‘पुढच्या वेळी सांग.’ पुढची वेळ आली ती तुमच्या अंत्यविधीची.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट मी बोलले नाही. ठेकेदाराचं मला तेव्हाच कळलं होतं. फादरांनी त्याच आठवड्यात बोलावून सांगितलं होतं. चार तास एसटीत मी ठरवत होते की तुम्हाला सांगायचं, आणि तुमचा हात बघून गप्प बसले. आजारी माणसाला त्रास नको, एवढाच विचार. आता कळतं, की तेही ठरवणं मी तुमच्या हातातून काढून घेतलं. सगळ्यांना सांगत फिरले की सिस्टरांमुळे बदलले, आणि खुद्द तुमच्या बाबतीत आठ नंबरचे बूट आणून मोकळी झाले.

तुम्हाला माती द्यायला गयाबाई माझ्याबरोबर आली होती. सकाळच्या पहिल्या गाडीने, भाकरी बांधून. माती देणं मला नवं नाही. आमच्यातही पुरतात, फक्त बसवून. तुम्हाला आडवं ठेवलेलं पाहिलं आणि ते काही बरोबर वाटेना. दुपारी सगळा दवाखाना झोपायचा तेव्हाही तुम्ही कधी आडव्या झाला नव्हता. गयाबाईने मूठभर माती टाकली, हात झटकले आणि मला म्हणाली, ‘चला, गाडी चुकंल.’ लोह्याला गाडी थांबली. मग तिने भाकरी सोडली, अर्धी मला दिली. अठरा वर्षांत तिच्या हातचं मी पहिल्यांदा खाल्लं. मागितलंच नव्हतं कधी, आणि तिने द्यायची हिंमत केली नव्हती. ठेचा तिखट होता. तुम्हाला सांगायला हवी होती अशी गोष्ट, म्हणून लिहिते.

फादर वाईट माणूस नाही. ‘विजयाबाई, मलाही हे सुखाचं नाही,’ ते म्हणाले. सगळे दवाखाने असंच करतात, माणसं सांभाळणं झेपत नाही, ठेकेदार या चौघींना ठेवेल असं तोंडी म्हणाला आहे. तोंडी. बैठक, लस, सुई टोचली तर उपचार, आजारपणाची रजा, यातलं काही ठेक्याच्या कागदात नाही. मी वाचला आहे. चौघींना अजून सांगितलेलं नाही, एक तारीख जवळ आली की सांगू, उगाच गोंधळ नको, असं ठरलंय. शिवणखोलीला तुमचं नाव द्यायचं तेही ठरलंय. फोटो मोठा करायला टाकलाय.

माझ्या निवृत्तीला चार वर्षं आहेत. हेही लिहून ठेवते, कारण सहीचा विचार करताना ते मनात होतं.

एवढं लिहून झालं आणि गयाबाई फिनाईल न्यायला आली. टेबलावरची यादी तिने पाहिली. तिला वाचता येत नाही, पण अठरा वर्षांत माझी यादी कधी इतकी लांब झालेली तिने पाहिली नव्हती.

‘ताई, येवढी यादी कशाची करायलात?’

मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, फादरांचं, ठेकेदाराचं, एक तारखेचं. ती कॅन हातात धरून उभी राहिली. दोन माणसं येऊन गेली तरी तशीच.

‘सिस्टरबाईला ठावं होतं?’

‘नाही. मी सांगितलं नाही.’

‘बरं केलं न्हाई तुमी,’ ती म्हणाली. मग कॅन दुसऱ्या हातात घेत, ‘ठावं असतं तर पेटीतून उठून बसली असती.’

मी म्हणाले, ‘मी बोलते उद्या फादरांशी. माझं ऐकतील.’

‘तुमचं ऐकतील, ते खरं हाय,’ ती म्हणाली. ‘पर माजं कवा ऐकनार?’

मी यादीवरचं पेन उचलून बाजूला ठेवलं.

‘सकाळी म्या येते. तिघींला बी आनते. तुमी फकस्त आत नेऊन सोडा. आन मदी मदी बोलू नका, ताई. तुमाला लई सवय हाय.’

सिस्टर, तुम्ही इतकी वर्षं हात वर करून जे सांगत होता ते तिने फिनाईलचा कॅन हातात धरून दोन वाक्यांत सांगितलं. मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती, तुम्हाला ते आवडलंही नसतं. पण आज मानते. आमेन नको म्हणालात, त्याबद्दल. मळखाऊ साडीबद्दल चार दिवस माझा राग सोसलात, त्याबद्दल. मी चुकले तेव्हा ‘आपण’ म्हणालात, त्याबद्दल. चांगुलपणाची माझी समजूत तुम्ही मोडलीत आणि मला मात्र मोडू दिलं नाहीत. आणि ‘लवकर कुणाला हवंय’ याचं उत्तर देते, उशीर झाला तरी. मला हवं होतं. तिला नव्हतं.

शुक्रवार. भाकऱ्या थापताना मी फादरांसमोरचं सगळं भाषण तयार केलं होतं. सुया, लस, ठेक्याच्या कागदातल्या गाळलेल्या गोष्टी, एकामागून एक. सव्वाआठला चौघी आल्या. मी त्यांना जिन्यावर उभं केलं आणि यादी घेऊन आत गेले.

फादरांनी कागद उलटा-सुलटा केला. ‘सही राहिली आहे.’

‘राहिली नाही. मी करणार नाही.’

त्यांनी चष्मा काढला. ‘तुम्ही केली नाही तर दुसरं कुणी करेल, विजयाबाई.’

‘करू दे.’

‘तुमचं म्हणणं तरी काय आहे?’

भाषण जिभेच्या टोकावर होतं. गिळलं. ‘माझं काही म्हणणं नाही, फादर. ज्यांचं आहे त्या बाहेर उभ्या आहेत. काल मी गयाबाईला सगळं सांगितलंय.’

मी दार उघडलं. चौघी आत आल्या. गयाबाई म्हणाली, ‘बसतो आमी, येळ लागंल.’ फादर तिच्याकडे बघत राहिले आणि मग मला म्हणाले, ‘तुम्हीही बसा ना.’

‘स्टोअर उघडायचंय,’ मी म्हणाले आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. जिना उतरताना आतून गयाबाईचा आवाज यायला लागला. सुनेपासून सुरुवात झाली होती. पुढचं ऐकायला मी थांबले नाही. खाली वॉर्डची मुलगी केव्हाची उभी होती. तिला कापूस काढून दिला आणि कामाला लागले.